प्रोग्रॅमची निरवानिरव

संस्कृत नाटकाला जशी नांदी असते तसेच भरतवाक्यही असते. ‘सी’ भाषा शिकविणाऱ्या आपल्याकडील बहुतेक पाठ्यपुस्तकांत मात्र नांदीचाच थाट मोठा. प्रोग्रॅम ‘मेन’ नावाच्या फंक्शनपासून सुरू होतो हे पहिल्याच धड्यात सांगितलेले असते. तो संपतो कसा, याविषयी ‘रिटर्न शून्य’ ही एक ओळ आणि तिच्याखालचा महिरपी कंस एवढ्यावरच भागविले जाते. दोन संख्यांची बेरीज करून थांबणाऱ्या प्रोग्रॅमला तेवढे पुरतेही. परंतु जो प्रोग्रॅम दिवसभर चालतो, लोकांच्या नोंदी घेतो आणि मध्येच केव्हाही थांबविला जाऊ शकतो, त्याच्या बाबतीत सुरुवातीइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, महत्त्व शेवटाला येते.

कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. ग्रंथालयातील देवघेव, परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्तीच्या याद्या, शिधापत्रिकेवरील धान्य, या साऱ्यांच्या वह्या आता संगणकात गेल्या आहेत. वहीतली नोंद अर्धवट राहिली तर त्याचा त्रास प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला क्वचितच होतो. तो होतो ज्याच्या नावाची ती नोंद असते त्याला. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

मराठीत ‘निरवानिरव’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. दूरच्या प्रवासाला निघालेला मनुष्य देणीघेणी मिटवितो, ठेवी ज्याच्या त्याला पोचत्या करितो, किल्ल्या शेजारी सोपवितो आणि मग निघतो. उलटपक्षी, घराला आग लागली असता कपाट आवरीत बसणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही. त्याने आहे तसे बाहेर पडावे हेच योग्य. प्रोग्रॅमलाही शेवटाचे हे दोन्ही मार्ग मोकळे आहेत. कोणत्या प्रसंगी कोणता मार्ग धरावा आणि तो कशावरून ठरवावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

थांबणे म्हणजे काय?

डेनिस रिची यांनी 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘सी’ भाषा घडविली. ‘युनिक्स’ ही ऑपरेटिंग सिस्टीम तेथेच वाढत होती, आणि पुढे ती याच भाषेत लिहिली गेली. त्यामुळे ‘सी’मधील प्रोग्रॅमचा शेवट समजून घ्यायचा तर ऑपरेटिंग सिस्टीमची भूमिका आधी ध्यानात घेतली पाहिजे.

चालू प्रोग्रॅमला ‘प्रोसेस’ म्हणतात. प्रोसेस कोणत्याही कारणाने संपली, तरी तिने घेतलेली मेमरी ऑपरेटिंग सिस्टीम परत घेते, तिने उघडलेल्या फाइली बंद करते, नेटवर्कवरील जोडण्या तोडते. भाडेकरू गेला की घरमालक खोली ताब्यात घेतो, तसाच हा प्रकार.

पण घरमालकाच्या हाती नसलेल्या गोष्टीही पुष्कळ असतात. प्रोग्रॅमने तात्पुरत्या म्हणून तयार केलेल्या फाइली तशाच पडून राहतात. ‘मी या वहीवर काम करीत आहे, दुसऱ्याने हात लावू नये’ असे सांगण्यासाठी काही प्रोग्रॅम एक कुलूप-फाइल ठेवतात. प्रोग्रॅम अकस्मात गेला की कुलूप मागे उरते आणि दुसऱ्या दिवशी येणारा दारातच अडतो. पासवर्ड घेताना अक्षरे दिसू नयेत म्हणून प्रोग्रॅम पडद्यावर अक्षरे उमटणे थांबवितो. तेवढ्यात तो संपला तर नंतरही टंकलेले अक्षर पडद्यावर न दिसण्याचा प्रसंग येऊ शकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रोग्रॅमने जे ‘लिहिले’ असे आपण समजतो ते फाइलीपर्यंत पोचलेले असेलच असे नाही.

हातात राहिलेल्या नोंदी

हा शेवटचा मुद्दा अधिक खोलात जाऊन पाहू. समजा, एका ग्रंथालयासाठी आपण देवघेवीचा प्रोग्रॅम लिहिला आहे. प्रत्येक पुस्तक दिले वा परत आले की तो ‘एफप्रिंटएफ’ या फंक्शनने एक ओळ फाइलीत टाकतो. प्रत्यक्षात ती ओळ लगेच फाइलीत जात नाही. एकेका ओळीसाठी ऑपरेटिंग सिस्टीमकडे धाव घेणे महागाचे असते, म्हणून ‘सी’चे ग्रंथालय, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, त्या ओळी आपल्या मेमरीतील एका टोपलीत साठवितो. या टोपलीला ‘बफर’ म्हणतात. टोपली भरली की सर्व ओळी एकदम पुढे पाठविल्या जातात.

लिनक्सवर साध्या फाइलीसाठी ही टोपली बहुधा 4096 बाइटांची असते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह प्रचलित ‘यूटीएफ-8’ पद्धतीत 3 बाइट घेते, म्हणून नाव आणि पुस्तकाचे शीर्षक मिळून एक नोंद सहज 128 बाइटांची होते. या हिशेबाने एका वेळी 32 नोंदी टोपलीत पडून असू शकतात. त्या क्षणी प्रोग्रॅम निरवानिरव न करता संपला, तर त्या सर्व जातात. ज्या विद्यार्थ्याने पुस्तक परत केले ते त्याच्याच नावावर राहते, आणि वर्षाअखेरीस त्याचे ना-देय प्रमाणपत्र अडते. आपण पुस्तक दिले होते हे तो कशाच्या आधारे सिद्ध करणार?

येथे नवशिक्यांना चकविणारी एक गोष्ट आहे. छापील मजकूर पडद्यावर जात असेल तर सामान्यतः प्रत्येक ओळ संपताच टोपली रिकामी होते; तोच मजकूर फाइलीकडे वळविला की टोपली भरेपर्यंत वाट पाहिली जाते. त्यामुळे पडद्यावर तपासताना सर्व काही दिसते, आणि तोच प्रोग्रॅम फाइलीत लिहिताना मध्येच मारला गेला तर फाइल कोरी निघते. चुका दाखविण्यासाठी जो ‘स्टँडर्ड एरर’ नावाचा वेगळा प्रवाह आहे, तो मात्र टोपलीत काही साचवून ठेवीत नाही. अखेरचे शब्द तरी पोचावेत, हा त्यामागील हेतू.

निरवानिरवीचा मार्ग

नीट शेवटासाठी ‘सी’ने ‘एक्झिट’ हे फंक्शन दिले आहे. ‘मेन’मधून ‘रिटर्न’ करणे हेही परिणामतः ‘एक्झिट’ला बोलावण्यासारखेच आहे. फरक एवढाच की ‘एक्झिट’ कोणत्याही फंक्शनमधून, कितीही आतून, बोलावता येते.

‘एक्झिट’ तीन कामे क्रमाने करते. प्रथम, प्रोग्रॅमने आधी नोंदवून ठेवलेली निरोपाची फंक्शने ते चालविते. ही नोंद ‘ॲटएक्झिट’ या फंक्शनने करावयाची असते. अशी किमान 32 फंक्शने नोंदविता आली पाहिजेत असे भाषेचे प्रमाण सांगते. ती नोंदविल्याच्या उलट क्रमाने चालतात, म्हणजे शेवटी नोंदविलेले आधी. यात युक्ती आहे: नंतर उभारलेली गोष्ट आधीच्या गोष्टीवर टेकलेली असते, म्हणून मांडव उतरविताना जसा वरचा कपडा आधी आणि खांब शेवटी, तसाच हा क्रम. दुसरे काम म्हणजे सर्व टोपल्या रिकाम्या करून फाइली बंद करणे, आणि ‘टीएमपीफाइल’ने तयार केलेल्या तात्पुरत्या फाइली काढून टाकणे. तिसरे, प्रोग्रॅम कसा संपला हे सांगणारा एक अंक मागे ठेवून ऑपरेटिंग सिस्टीमच्या स्वाधीन होणे.

हा अंक फार बोलका असतो. शून्य म्हणजे काम झाले, इतर अंक म्हणजे काही अडले, असा संकेत आहे. मजकुरात शब्द शोधणारा ‘ग्रेप’ हा युनिक्सचा जुना प्रोग्रॅम शब्द सापडल्यास 0, न सापडल्यास 1 आणि काही बिघडल्यास त्याहून मोठा अंक देतो. ‘नाही सापडला’ आणि ‘शोधताच आले नाही’ यांतील भेद त्या एका अंकात राखला जातो. आपल्या कार्यालयांतून हे दोन्ही प्रकार पुष्कळदा ‘रेकॉर्ड नाही’ या एकाच उत्तरात मिसळलेले असतात, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

मात्र युनिक्सच्या नेहमीच्या पद्धतीत या अंकाचे खालचे 8 बिटच वाट पाहणाऱ्या प्रोग्रॅमला कळतात. कोणी चुकांची संख्याच शेवटचा अंक म्हणून दिली आणि चुका नेमक्या 256 झाल्या, तर बाहेरच्यांना शून्य, म्हणजे पूर्ण यश, दिसेल! आपल्याकडील पुष्कळ जुन्या पुस्तकांत ‘व्हॉइड मेन’ असे लिहिण्याची पद्धत आहे. प्रमाण भाषेला ‘मेन’ने पूर्णांक परत करावा हे अपेक्षित आहे, ‘व्हॉइड’ लिहिले की मागे कोणता अंक उरेल याचा भरवसा राहत नाही. 1999 सालच्या प्रमाणापासून ‘मेन’च्या अखेरच्या कंसाशी पोचलेला प्रोग्रॅम शून्य देतो, पण ही सवलत ‘इंट मेन’ लिहिणाऱ्यालाच आहे.

निरवानिरवीच्या कामातही डोळे उघडे ठेवावे लागतात. डिस्क भरली असेल तर ती गोष्ट टोपलीत ओळ टाकताना कळत नाही. टोपली रिकामी होताना कळते. म्हणून ‘एफक्लोज’ने काय उत्तर दिले ते तपासलेच पाहिजे. ते न तपासता सर्व भार ‘एक्झिट’वर टाकला, तर नोंदी हरवूनही प्रोग्रॅम आनंदाने शून्य सांगून मोकळा होईल.

आवराआवर घातक केव्हा ठरते?

इतके वाचल्यावर वाटेल की निरवानिरव हाच सन्मार्ग, आणि तात्काळ शेवट हा आळशांचा. तसे नाही. ‘सी’मध्ये तात्काळ शेवटाचीही साधने मुद्दाम ठेवलेली आहेत. युनिक्समध्ये अंडरस्कोअर लावलेले ‘एक्झिट’ पूर्वीपासून आहे; त्याचेच मोठ्या ‘ई’चे भावंड 1999च्या प्रमाणात भाषेत आले. हे फंक्शन निरोपाची फंक्शने चालवीत नाही. युनिक्सवर ते टोपल्याही रिकाम्या करीत नाही. 2011च्या प्रमाणाने ‘क्विक एक्झिट’ नावाचा एक मधला मार्ग दिला. त्याची निरोपाची फंक्शने वेगळी नोंदवावी लागतात. आणि ‘ॲबॉर्ट’ हे तर ‘काहीतरी भलतेच घडले आहे’ असे जाहीर करून थांबण्याचे साधन आहे.

तात्काळ शेवट कोठे आवश्यक ठरतो याची दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण ‘फोर्क’चे. युनिक्समध्ये एखाद्या प्रोसेसने ‘फोर्क’ केले की तिची हुबेहूब प्रत तयार होते. या प्रतीला अपत्य म्हणतात. मूळ प्रोसेसच्या टोपलीत दहा नोंदी पडून असतील तर अपत्याच्या टोपलीतही त्याच दहा नोंदी येतात. आता दोघांनीही शेवटी ‘एक्झिट’ने निरवानिरव केली, तर दोन्ही टोपल्या फाइलीत रिकाम्या होतील आणि प्रत्येक नोंद दोनदा उमटेल. परत केलेले पुस्तक दोनदा परत! म्हणून अपत्याला दुसरा प्रोग्रॅम सुरू करावयाचा असेल आणि ते जमले नाही, तर त्याने अंडरस्कोअर लावलेले ‘एक्झिट’ वापरून मुकाट्याने निघून जावे असा दंडक आहे. जी ठेव आपली नव्हेच ती पोचती करण्याचा उद्योग करू नये.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. ‘सी’मध्ये मेमरीची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते. ठरलेल्या जागेपलीकडे लिहिले गेले किंवा तीच मेमरी दोनदा मोकळी केली, तर प्रोग्रॅमची स्वतःचीच स्मृती बिघडते. अशा वेळी टोपलीत खऱ्या नोंदी आहेत की कचरा, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. निरोपाच्या फंक्शनांचे पत्तेही त्याच बिघडलेल्या मेमरीत असतात. अशा स्थितीत आवराआवर करणे म्हणजे भ्रमिष्टाच्या हाती जमाखर्चाची वही देणे होय.

लिनक्सच्या बहुतेक संगणकांवर असणाऱ्या ‘जीएनयू सी लायब्ररी’ने हा धडा प्रत्यक्ष गिरविला आहे. तिच्यातील ‘ॲबॉर्ट’ पूर्वी थांबण्याआधी टोपल्या रिकाम्या करीत असे. त्यामुळे प्रोग्रॅम जागीच अडकून पडणे आणि माहिती आणखी बिघडणे असे प्रकार होत. 2018च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या 2.27 या आवृत्तीत ती पद्धत बंद करण्यात आली. तेव्हापासून ‘ॲबॉर्ट’ टोपल्यांना हात न लावता प्रोसेस संपविते. मदत म्हणून ठेवलेली सोय अपाय करते असे दिसल्यावर ती काढून टाकली गेली. मेमरीचा घोटाळा लक्षात आला की हीच लायब्ररी एक ओळीचा संदेश देते आणि ‘ॲबॉर्ट’ करते. ‘असर्ट’ हे साधनही असेच. ‘येथे ही गोष्ट खरी असलीच पाहिजे’ असे आपण लिहून ठेवावयाचे. ती खोटी निघाली तर फाइलीचे नाव आणि ओळीचा क्रमांक सांगून ते ‘ॲबॉर्ट’ करते. तशी व्यवस्था ठेवलेली असेल तर त्या क्षणीची मेमरी जशीच्या तशी डिस्कवर उतरते आणि मागाहून तिची चिकित्सा करता येते. आवराआवर केली असती तर दोषाच्या खुणाही पुसल्या गेल्या असत्या.

या दोन उदाहरणांवरून निवडीची कसोटी हाती येते. प्रोग्रॅमने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत: माझ्याजवळ जे आहे ते माझे आहे काय, आणि त्यावर माझा अजून विश्वास आहे काय? फाइल सापडली नाही, वापरणाऱ्याने चुकीचा अंक दिला, नेटवर्क तुटले, अशा प्रसंगी प्रोग्रॅमची शुद्ध हरपलेली नसते. त्याने रीतसर ‘एक्झिट’ करावे. स्वतःच्याच मेमरीचा भरवसा गेला असेल तर एक शब्दही न लिहिता थांबावे.

बाहेरून आलेला हुकूम

आतापर्यंत प्रोग्रॅम आपण होऊन थांबत होता. पुष्कळदा त्याला बाहेरून थांबविले जाते. युनिक्समध्ये अशा सूचनेला ‘सिग्नल’ म्हणतात. कंट्रोल आणि ‘सी’ या कळा एकत्र दाबल्या की ‘सिगइंट’ हा 2 क्रमांकाचा सिग्नल जातो. ‘किल’ ही आज्ञा नुसती दिली तर 15 क्रमांकाचा ‘सिगटर्म’ जातो. या दोन्ही विनंत्या आहेत. प्रोग्रॅम त्या ऐकून आपले काम आवरू शकतो. 9 क्रमांकाचा ‘सिगकिल’ मात्र विनंती नव्हे. तो अडविता येत नाही, दुर्लक्षिता येत नाही, त्याची बातमीही प्रोग्रॅमला लागत नाही.

विनंती आली असता सिग्नल पकडणाऱ्या फंक्शनमध्ये सरळ ‘एक्झिट’ लिहावे, असे प्रथमदर्शनी वाटते. ते धोक्याचे आहे. सिग्नल कोणत्याही क्षणी येतो. प्रोग्रॅम त्या वेळी टोपलीत अर्धी ओळ टाकीत असेल, टोपलीचे झाकण त्याने आतून धरून ठेवले असेल. तशात ‘एक्झिट’ तीच टोपली रिकामी करू लागले तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतील. म्हणून रीत अशी की सिग्नल पकडणाऱ्या फंक्शनने फक्त एक निशाणी वर करावी. ही निशाणी म्हणजे ‘व्होलटाइल सिग ॲटॉमिक टी’ या प्रकारचा एक चल. मुख्य प्रोग्रॅम प्रत्येक नोंद पुरी झाली की तिच्याकडे पाहतो, आणि ती वर दिसली की नवी नोंद न घेता शांतपणे ‘एक्झिट’ करतो. हातातले गिऱ्हाईक पुरे करून दुकानाची फळी लावणे, ते हेच.

अशा आवराआवरीला अमर्याद वेळ मात्र मिळत नाही. लिनक्सवरील सेवा सांभाळणारी ‘सिस्टिमडी’ थांबविताना आधी ‘सिगटर्म’ पाठविते, मूळ रचनेनुसार 90 सेकंद वाट पाहते आणि मग ‘सिगकिल’ देते. ‘डॉकर’मध्ये ही मुदत सामान्यतः 10 सेकंदांची आणि ‘कुबरनेटीस’मध्ये 30 सेकंदांची असते. म्हणून निरवानिरव थोडक्यात उरकेल अशीच आखावी. आणि हुकूम देणाऱ्यानेही पहिल्याच झटक्याला 9 क्रमांक वापरण्याची सवय लावून घेऊ नये. आधी सांगून पाहावे, न ऐकल्यास मगच हात धरावा.

थांबणे हा नेहमीच उपाय नव्हे

‘शंका आली की थांब’ हा नियमही डोळे झाकून पाळण्याजोगा नाही. 4 जून 1996 रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधून ‘एरियान 5’ या युरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. त्याची दिशा मोजणारा प्रोग्रॅम ‘सी’त नव्हे, ‘ॲडा’ भाषेत होता. पण प्रश्न आपलाच आहे. 64 बिटांची एक संख्या 16 बिटांच्या पूर्णांकात बसविताना ती मावली नाही. असे काही घडल्यास दोष कळवून यंत्र बंद करावे, अशी रचना केलेली होती. त्याप्रमाणे ते थांबले. त्याच्या जागी उभे राहण्यासाठी ठेवलेले दुसरे यंत्र त्याच प्रोग्रॅमवर चालत होते, आणि तेही क्षणभर आधी त्याच कारणाने थांबले होते. थांबलेल्या यंत्राने धाडलेली दोषाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वापरली. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे 40 सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला. विशेष म्हणजे गणिताचा तो भाग अग्निबाण जमिनीवरून उठल्यानंतर उपयोगाचाच राहिला नव्हता.

तात्काळ थांबणे शहाणपणाचे ठरते ते मागे काम उचलून धरणारा कोणी असेल तेव्हा. ग्रंथालयाचा प्रोग्रॅम थांबला तर ग्रंथपाल वही काढू शकतात. आकाशात ती सोय नव्हती.

वीज गेली तर?

आता राहिला सर्वांत कठीण प्रसंग. वीज विचारून जात नाही, आणि ‘सिगकिल’ही विचारून येत नाही. त्या वेळी ‘ॲटएक्झिट’ने नोंदविलेली सारी फंक्शने जागच्या जागी राहतात. तेव्हा जी निरवानिरव फक्त शेवटी होणार, तिच्यावर लोकांच्या नोंदी टांगून ठेवता येत नाहीत. ती रोजच्या कामातच मुरविली पाहिजे.

याची एक जुनी आणि खात्रीची रीत आहे. फाइलीत बदल करावयाचा असेल तर मूळ फाइलीला हात लावू नये. नवी फाइल वेगळ्या नावाने पूर्ण लिहावी, ‘एफफ्लश’ने टोपली रिकामी करावी, ‘एफसिंक’ने मजकूर खरोखर डिस्कवर उतरवून घ्यावा, प्रत्येक पायरीचे उत्तर तपासावे, आणि सर्व ठीक असेल तरच ‘रिनेम’ने नव्या फाइलीला जुन्या फाइलीचे नाव द्यावे. युनिक्समध्ये हे नामांतर अखंड असते. पाहणाऱ्याला एक तर पूर्ण जुनी फाइल दिसते, नाही तर पूर्ण नवी. अर्धीमुर्धी दिसत नाही. येथे ‘एफफ्लश’ आणि ‘एफसिंक’ यांतला फरक ध्यानात ठेवावा. पहिल्याने मजकूर ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती जातो. मग प्रोग्रॅम मेला तरी तो सुरक्षित असतो. पण वीज गेली असता वाचण्यासाठी दुसरे लागते.

रिचर्ड हिप यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेला ‘एसक्यूलाइट’ हा ‘सी’त लिहिलेला माहितीसंग्रह आज आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनमध्येही आहे. त्याच्या मूळ पद्धतीत एखादे पान बदलण्यापूर्वी जुने पान एका वेगळ्या रोजनाम्यात उतरवून ठेवले जाते. काम पुरे झाले की रोजनामा रद्द होतो. मध्येच प्रोग्रॅम संपला तर पुढच्या वेळी फाइल उघडणारा मागे राहिलेला रोजनामा पाहतो आणि जुनी पाने जागच्या जागी बसवितो. म्हणजे जाणाऱ्याला जे आवरता आले नाही ते येणारा आवरतो.

जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स यांनी 2003 साली हा विचार टोकाला नेला. त्यांचे म्हणणे असे की, अकस्मात कोसळल्यावर पुन्हा उभे राहण्याची वाट प्रत्येक प्रोग्रॅमला ठेवावीच लागते. मग नीट थांबण्याची दुसरी वाट कशाला? प्रोग्रॅम नेहमी एकदम थांबवावा आणि नेहमी सावरतच सुरू करावा. एरवी सावरण्याची वाट क्वचित वापरली जाते, आणि जी वाट वापरात नसते तिच्यावर काटे वाढतात. सर्व प्रोग्रॅमांना हे लागू करावे असे माझे मत नाही. हातातली नोंद पुरी करून थांबणे बरे, हे वर म्हटलेच आहे. पण या विचारातील इशारा खरा आहे. जो प्रोग्रॅम केवळ चांगल्या शेवटाच्या भरवशावर चालतो, तो खरे तर नशिबाच्या भरवशावर चालत असतो.

तेव्हा सारांशाने असे म्हणता येईल. शुद्धीवर असलेल्या प्रोग्रॅमने ‘एक्झिट’ने रीतसर निघावे आणि खरा अंक मागे ठेवावा. दुसऱ्याची ठेव हाती असलेल्याने, किंवा स्वतःच्या स्मृतीचा भरवसा गेलेल्याने, तात्काळ थांबावे. बाहेरून विनंती आली तर हातातले काम पुरे करून थांबावे. आणि या तिन्हींपैकी काहीच करता आले नाही तरी कोणाची नोंद बुडू नये, अशी व्यवस्था पहिल्या ओळीपासून ठेवावी.

प्रात्यक्षिकाच्या वहीत आपण प्रोग्रॅम लिहितो आणि त्याखाली ‘आउटपुट’ असे लिहून अपेक्षित उत्तर उतरवितो. त्याच्याच खाली आणखी एक ओळ लिहिण्याचा परिपाठ माझ्या वर्गबंधू-भगिनींनी ठेवावा असे मी सुचवितो: हा प्रोग्रॅम याच क्षणी थांबला, तर फाइलीत काय उरेल, आणि त्याचा भुर्दंड कोणाला पडेल?